लाखेच्या तबकडीचा खरा वेग

रविवार. सकाळपासून झड लागली आहे. अशा हवेत जुन्या ग्रामोफोन तबकड्यांच्या खाचांत बुरशी धरते. पांढुरके ठिपके दिसतात आणि वाजवताना फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येत राहतो. ख्याल, नाट्यपद, लावणी, बीथोवन, न्यू ऑर्लीन्सचा जॅझ, सगळं एकाच टर्नटेबलवर ऐकायचं तर यंत्राची तयारीही प्रत्येकासाठी वेगळी लागते. ती इथे नोंदवून ठेवते.

७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि त्यासोबत गाणंही जातं. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. मऊ कापड खाचांच्या दिशेनेच फिरवायचं, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून तबकडी उभी वाळवायची.

सुईही वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक हवं. एलपीचं, म्हणजे नंतरच्या व्हिनाइल तबकडीचं, टोक १८ ते २५ मायक्रॉनचं. ते ७८ च्या खाचेत तळाशी बसतं आणि तिथला कचराच खरवडत जातं. सुईचं तबकडीवरचं वजन ४ ग्रॅमच्या आसपास ठेवावं. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर मोनोचं बटण दाबावं. जुन्या मुद्रणात सूर आडव्या हालचालीत असतो. डावा आणि उजवा आवाज एक केला की उभ्या हालचालीतली खरखर बरीचशी आपोआप गळते.

पण सगळ्यात जास्त घोटाळा होतो वेगाचा. '७८' हे नाव नंतर रुळलं. सुरुवातीच्या कित्येक तबकड्या ७० ते ८२ मध्ये कुठल्याही वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. ७४ ची तबकडी ७८ ने फिरवली तर गाणं जवळजवळ अर्धा सूर चढतं. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्या जवळ पोचतो, लय पळते, आवाज पातळ होतो. मात्र सगळे स्वर एकाच प्रमाणात चढल्यामुळे राग बिघडत नाही, आणि कान फसतो तो इथेच.

म्हणून साथीची पेटी ऐकायची. तिचा षड्ज आपल्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला तर वेगाचा संशय घ्यावा. जुन्या पेट्यांची जुळणी सारखी नसते, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरत नाही. त्याच गायकाच्या इतर तबकड्यांतली पट्टी आणि गळ्याचा पोतही ताडून बघावा लागतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम सोपं, कारण रचनेची पट्टी छापलेलीच असते. जॅझमध्ये तुताऱ्यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट या पट्ट्या सोयीच्या. तबकडीतून बी किंवा ई ऐकू आली की वेग तपासावा.

टर्नटेबलचा स्वतःचा वेग आधी तपासलेला हवा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायला टर्नटेबलवर ठेवायची चकती) निऑनच्या दिव्याखाली स्थिर दिसली की वेग ७७.९२, म्हणजे ठीक. एलईडीच्या उजेडात रेघा अनेकदा दिसतच नाहीत.

अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, बाख आणि लुई आर्मस्ट्राँगही आहेत. १९७७ साली ती पाठवणाऱ्यांनी वेष्टनावर वेग कोरला: एका फेऱ्याला ३.६ सेकंद. परक्या ग्रहावरच्या श्रोत्यासाठी सेकंद हायड्रोजनच्या अणूच्या मापात सांगितला आहे. केसरबाईंचा तो भरदार, खालचा आवाज वेग चुकला तर कुणाच्याच ओळखीचा राहणार नाही, आकाशात काय आणि घरात काय.

आणखी एक. १९२५ च्या आधीचं मुद्रण मायक्रोफोनशिवाय, भोंग्यातून झालेलं असतं. डग्ग्याची घुमक त्यात जवळपास उमटलेलीच नाही. वाद्यवृंदातही डबल बासच्या जागी ट्यूबा बसवत. तिथे बास वाढवला तर फक्त मोटरची घरघर वाढते. त्या तबकड्यांना बास कमीच ठेवावा आणि तबल्याची चाट ऐकावी.

जुळलेला वेग पाकिटावर पेन्सिलने लिहावा, शाई दमटपणात फुटते. आज पाच झाल्या: ७६, ७८, ७४, ८०, ७८.