हरळीवरचे एक लाख दहा हजार

"आत्ती, आपला रेकॉर्ड मोडला."

२०२५ च्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये झॅक ब्रायन या गायकाला ऐकायला १,१२,४०८ माणसं जमली होती. 'आपला' आकडा होता १,१०,९०५. १५ जून २०२४ च्या संध्याकाळी टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन गावी, काइल फील्ड या विद्यापीठाच्या स्टेडियमवर, कंट्री संगीत गाणाऱ्या जॉर्ज स्ट्रेटच्या गाण्याला तेवढे लोक आले होते, आणि त्या शेवटच्या पाचात आम्ही दोघं होतो असं मी अजून मानते. अमेरिकेत एका गायकाच्या किंवा बँडच्या तिकिटाच्या कार्यक्रमाला तेवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. त्याआधीचा आकडा १९७७ चा, ग्रेटफुल डेड या बँडच्या न्यू जर्सीतल्या कार्यक्रमाचा, १,०७,०१९.

त्या प्रवासावर लिहायचं लिहायचं म्हणून राहिलं होतं. मेसेज वाचला आणि वही काढली.

मी कोल्हापूरची. कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकवून निवृत्त झाले. भाचा टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पीएचडी करतोय. त्या नावातला 'ए' म्हणजे शेती आणि 'एम' म्हणजे यंत्रविद्या. १८७६ साली हे कॉलेज सुरू झालं तेव्हा शेती आणि यंत्रं शिकवायलाच झालं. आज तिथं सत्तर हजारांवर विद्यार्थी आहेत.

ह्यूस्टनहून तिथं पोचायला गाडीनं दीड-पावणेदोन तास लागतात. डोंगर नाही, घाट नाही. दोन्ही बाजूंना कुरणं, त्यात गाई, आणि कापलेल्या गवताची बैलगाडीच्या चाकाएवढी गोल गुंडाळी जागोजागी पडलेली. मी भाच्याला गाडी थांबवायला लावली. खाली उतरून कुंपणाशी एक काडी उपटली. बारीक पान, पेरापेराला मूळ. हरळीच! तिकडे तिला बर्म्युडा म्हणतात. आपल्याकडे शेतकरी जिला शिव्या देत खणून काढतो आणि गणपतीला जिच्या जुड्या वाहतो, तीच तिथं गुरांची वैरण म्हणून पेरतात. आणि तिच्याच संकरित जातीवर काइल फील्डमध्ये सामने होतात.

काइल फील्ड मी एका आठवड्यात दोनदा पाहिलं. पहिल्यांदा ८ जूनला, मेक्सिको आणि ब्राझीलच्या सामन्यासाठी. हा आपला फुटबॉल, पायानं खेळायचा. या स्टेडियमचा मुख्य खेळ वेगळा, अमेरिकन फुटबॉल. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. कोल्हापूरकराला ब्राझीलचा सामना चुकवणं शक्य नाही. वर्ल्डकपला आमच्या पेठांत ब्राझील नि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, हे त्या गावात मी कुणाकुणाला सांगितलं आणि कुणाचा विश्वास बसेना. ८५ हजारांवर प्रेक्षक होते, बहुतेक मेक्सिकोच्या हिरव्या शर्टातले. २-२ अशी बरोबरी झाली होती, सामना संपतच आला होता आणि तेवढ्यात ब्राझीलच्या सतरा वर्षांच्या एन्द्रिकनं डोक्यानं गोल केला. सगळं स्टेडियम गप्प झालं आणि मी एकटी उभी राहून ओरडले. शेजारच्या मेक्सिकन आजींनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि आपल्या पिशवीतली चिंचेची गोळी दिली.

पण त्या दिवशी माझं लक्ष निम्मा वेळ गवतावर होतं. काय सुरेख राखलं होतं! बुटांनी उकरलेल्या जागा मध्यंतरात माणसं येऊन पायानं दाबत होती. इथं १९७० ते १९९५ पर्यंत कृत्रिम गवत होतं. १९९६ पासून पुन्हा खरं लावलं. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

घरी येताना भाच्याला विचारलं, "पुढच्या शनिवारी याच्यावर गाण्याचा कार्यक्रम? एवढी माणसं? गवताचं काय?"

"आत्ती, तू गवताचंच विचारणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला.

मधले दिवस मी या मैदानाचा इतिहास शोधण्यात घालवले, आणि जे कळलं त्यानं मी हलले. एडविन जॅक्सन काइल हा उद्यानविद्येचा प्राध्यापक होता. माझ्याच विषयाचा! १९०४ साली पोरांना खेळायला धड जागा नाही म्हणून यानं आपल्याला शेतीच्या कामासाठी मिळालेल्या जमिनीतला एक तुकडा कुंपण घालून वेगळा काढला. शेजारच्या ब्रायन गावच्या जत्रेच्या मैदानातला एक छपराचा मंडप स्वतःच्या ६५० डॉलरना विकत घेतला आणि आणून उभा केला. लाकडी बाकं टाकून पाचशे माणसांची सोय झाली. त्या काळात प्राध्यापकाला ६५० डॉलर म्हणजे थोडी रक्कम नव्हे. आणि प्रयोगाचं रान देणं ही गोष्ट किती मोठी, हे ज्यानं रानात प्रयोग केलेत त्यालाच कळेल. एक-एक वाफा मिळवायला आम्ही किती अर्ज केलेत. कॉलेजच्या रानांवर इमारती उठताना पाहून मी वर्षानुवर्षं भांडत आले. या माणसानं आपणहून रान दिलं, आणि दिलं ते पोरांना.

पाचशेची सोय पुढे वाढत वाढत ऐंशी हजारांवर गेली. २०१३ ते २०१५ मध्ये मोठं काम निघालं, ४८ कोटी ५० लाख डॉलरचं. आपल्या आजच्या हिशेबानं चार हजार कोटी रुपये. देणगीदार, जागा राखणारे प्रेक्षक, विद्यार्थ्यांची फी, गावातल्या हॉटेलांवरचा कर, अशी सगळीकडून जुळवाजुळव. मला सगळ्यांत विशेष वाटलं ते हे, की या दोन वर्षांत संघाला खेळायला दुसऱ्या गावी पाठवलं नाही. एक हंगाम संपला की तोडफोड सुरू, पुढच्या हंगामाआधी जागा तयार. डिसेंबर २०१४ मध्ये पश्चिमेची सगळी बाजू सुरुंग लावून एका सकाळी पाडली आणि नऊ महिन्यांच्या आत तिथं नवी बाजू उभी करून सामने खेळले. मैदान सुमारे सात फूट खाली घेतलं, म्हणजे खालच्या रांगा खेळाच्या अगदी जवळ आल्या. वरच्या मजल्यांवर पुढे झुकलेली छतं घातली, त्यामुळे आवाज बाहेर न जाता आत फिरतो. आता १,०२,७३३ माणसं बसतात. सगळ्या कॉलेज स्टेशनची वस्ती २०२० च्या जनगणनेत १ लाख २० हजार.

आणि वर्षाला घरचे सामने होतात सात-आठ! हा हिशेब मला बरेच दिवस टोचत होता. सात शनिवारांसाठी चार हजार कोटी? शिकवण्याच्या जागेत? जूनमधल्या त्या दोन संध्याकाळी पाहिल्यावर माझं मत पुष्कळ बदललं. ज्या पोरानं फी भरली, ज्या हॉटेलातल्या पाहुण्यानं कर भरला, त्यांच्या गावात ही जागा उन्हाळ्यात कुलूप लावून ठेवणं जास्त वाईट. सुट्टीत विद्यार्थी घरी गेलेले असताना गावातल्या खानावळी ओस पडतात. त्या आठवड्यात भाच्याच्या गल्लीतल्या टॅको विकणाऱ्यानं दोन पुतणे मदतीला बोलावले होते.

१५ तारखेला आम्ही चारलाच चालत निघालो. ऊन असं की डांबर बुटाला चिकटावं. वाटेत विद्यार्थ्यांची मोठी इमारत लागते, युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांचं स्मारक म्हणून बांधलेली. आत शिरताना भाचा हळूच म्हणाला, "आत्ती, टोपी काढ." आत टोपी घालत नाहीत. भोवतीच्या हिरवळीवरही कुणी पाय ठेवत नाही, कारण तीही स्मारकाचाच भाग. त्या दिवशी हजारो माणसं काउबॉय हॅट घालून आली होती. दारात प्रत्येकाचा हात डोक्याकडे जात होता, आणि हिरवळीचा कोपरा कुणी तुडवून जाईल तर शपथ. मला आमच्या अंबाबाईच्या उंबऱ्याशी वाकणारी माणसं आठवली.

स्टेडियमच्या उत्तरेला एक जागा आहे, ती भाच्यानं मुद्दाम दाखवली. या विद्यापीठाची मानाची कुत्री असते, रेव्हिली. कॉली जातीची, सगळे तिला फार मानतात. आजवरच्या रेव्हिली तिथं पुरल्या आहेत, तोंड मैदानाकडे करून, म्हणजे त्यांना गुणफलक दिसावा. स्टेडियम वाढवताना मध्ये बांधकाम आलं आणि फलक दिसेनासा झाला, तेव्हा त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा फलक बसवला. चार हजार कोटींच्या स्टेडियमपेक्षा मला तो छोटा फलक जास्त आवडला, हे मी इथं स्पष्टच लिहिते. जुनं पाडताना काय जपायचं हे ज्यांना कळलं, त्यांच्या हातून बांधकाम चुकत नाही.

बाराव्या खेळाडूचा पुतळाही तिथंच. २ जानेवारी १९२२ ला डॅलसमधल्या सामन्यात खेळाडू एकामागून एक जखमी होत गेले, तेव्हा प्रेक्षकांत असलेला ई. किंग गिल हा विद्यार्थी खाली आला, एका जखमी खेळाडूचा पोशाख अंगावर चढवला आणि सामना संपेपर्यंत कडेला उभा राहिला. त्याच्यावर मैदानात उतरायची वेळ आली नाही; संघ २२-१४ असा जिंकला. पण तेव्हापासून इथले विद्यार्थी अख्खा सामना उभं राहून पाहतात, गरज पडली तर आम्ही आहोत असं सांगायला. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की पेठाच्या पेठा अशाच उभ्या असतात. त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आत गेलो तर माझं गवत नव्हतं. मैदानाच्या मधोमध चौकोनी स्टेज, चारी बाजूंनी खुर्च्या, सगळं झाकलेलं. स्टेज मध्ये घेतल्यामुळेच एवढी माणसं मावली. एका टोकाला स्टेज असता तर त्याच्या मागच्या हजारो जागा रिकाम्या ठेवाव्या लागल्या असत्या. वरच्या मजल्यावरून स्ट्रेट म्हणजे हॅट घातलेलं एक बोट दिसत होतं. बहात्तर वर्षांचा माणूस. थोडी गाणी एका बाजूला तोंड करून गायची, मग पुढच्या बाजूच्या मायक्रोफोनकडे जायचं, असा तो फिरत राहिला, आणि आमच्या बाजूला आला की आमचा अख्खा मजला उठायचा. टेक्सासचाच, पोटीट गावचा. त्याची पदवी शेतीची आहे हे मला भाच्यानं तिथं सांगितलं. मी त्याला म्हटलं, मग हा आपल्यातलाच की!

गाण्याचे शब्द मला निम्मे कळले. शेजारी एक शेतकरी जोडपं होतं, साठीच्या पुढचं. एका संथ गाण्याला त्या दोघांनी पायऱ्यांच्या अरुंद वाटेवर हात धरून नाच केला, आणि सुरक्षारक्षकानं त्यांना हटकलं नाही, उलट वाट अडवून उभा राहिला. साडेआठच्या सुमाराला ऊन उतरलं. सगळं स्टेडियम एकदम गायला लागलं आणि तो आवाज छतांखालून परतून अंगावर आला तेव्हा मला कळलं, ती छतं कशासाठी पुढे झुकवलीत. पायाखालचं काँक्रीट थरथरत होतं. मी डोळे पुसले. भाचा दुसरीकडे पाहत राहिला.

गवताबद्दल सांगायचं राहिलं. झाकलेल्या गवताला तीन गोष्टी मारतात: उजेड नाही, खाली उष्णता कोंडते, आणि वजनानं माती दबून मुळांना हवा मिळत नाही. म्हणून अशा वेळी छिद्रांच्या जाड प्लॅस्टिकच्या फरश्या एकमेकांत अडकवून पसरतात आणि कार्यक्रम संपताच रातोरात उचलतात. पण खरी युक्ती महिना निवडण्यात आहे. हरळीला कडक ऊन लागतं. जून-जुलैत ती वरून धावणाऱ्या आणि जमिनीखालच्या अशा दोन्ही खोडांनी पसरते. ऑक्टोबरात दुखावली तर थंडीत भरून येत नाही. मिशिगनला कृत्रिम गवत आहे, म्हणून त्यांना सप्टेंबरात, हंगामातल्या मोकळ्या शनिवारी, कार्यक्रम घेता आला. काइल फील्डला जूनच हवा. २०२५ च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हाही घरातले सगळे टीव्हीवर दिवे पाहत होते आणि मी खाली काय पसरलंय ते शोधत होते. महाविद्यालयांची मैदानं भाड्यानं देणाऱ्यांनी आधी माळ्याला विचारावं, एवढंच माझं मागणं आहे.

रात्री बाहेर पडायला तास लागला. एवढ्या गर्दीत धक्का नाही. पोलिसांनी रस्ते बंद करून चालणाऱ्यांना मोकळे दिले होते. लोक अजून गात होते. रेव्हिलींच्या जागेशी पुन्हा आलो. तिथं कुणी तरी छोटा पुष्पगुच्छ ठेवला होता.

जुलैत मी परत आले. ३१ ऑगस्टला हंगामाचा पहिला सामना होता, नोट्र डेमविरुद्ध. ए अँड एम हरले. भाच्यानं वरच्या मजल्यावरून फोटो पाठवला, खाली लिहिलं, "आत्ती, हा तुझ्यासाठी." गणपती आठवड्यावर आले होते, घरात आवराआवर चालली होती. मी चष्मा लावून फोटो मोठा केला आणि बरोबर मधला भाग शोधला, जिथं स्टेज होता. हिरवागार होता.