आजोबांच्या खुर्चीची चाकं

आजोबांची सागवानी फिरती खुर्ची मागच्या वर्षी दुरुस्तीला काढली. वेताचं विणकाम आणि पॉलिश तीन आठवड्यांत झालं. चाकांना मात्र चार महिने लागले, आणि त्यातला पहिला महिना माझ्या घाईने गेला.

जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी काळी नायलॉनची जोडचाकं आणली, पिन १० मिमीची, आणि पायातला जुना बुश, म्हणजे पिन बसते ती धातूची नळी, ११ मिमीचा, म्हटलं एका मिमीने काय होतंय, टेप गुंडाळली आणि बसवून टाकली. आठवड्यात पिन डुगडुगायला लागली आणि एका पायाला उभी चीर गेली. आजोबांच्या खुर्चीला माझ्यामुळे चीर, फार वाईट वाटलं. सुतारकाकांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "ताई, हा बुश साडेतीन सुताचा आहे. ढिली पिन लाकूड खात जाते." साडेतीन सूत म्हणजे ७/१६ इंच, जुन्या खुर्च्यांमध्ये हे माप खूप सापडतं. तेव्हा आधी व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या मोजपट्टीने, बुश मोजा, खोलीसकट, मगच दुकानात जा.

मग पुण्यातला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी, आणि दोनदा मुंबईला चोर बाजारातला मटण स्ट्रीट. पितळी चाकं भरपूर दिसतात, पण त्यातली बरीचशी वाटीची, म्हणजे पायाचं टोक वाटीत बसवायचं. 'कोप अँड कॉलिन्सन' असा ठसा असलेली विलायती पण बघितली, काय सुंदर काम होतं! पण ती बसवायला पाय तासावे लागले असते, आणि चाकासाठी मूळ लाकूड कापायचं हे मला पटतच नाही. पांढऱ्या चिनी मातीची चाकंही मिळत होती, ती गालिच्यावर शोभतात, आमच्या फरशीवर टवके उडाले असते.

शेवटी साडेतीन सुताच्या पिनेचे चार पितळी घोडे, म्हणजे चाक धरणारे सांगाडे, मिळाले, तीन एका दुकानात, चौथा रस्त्यावरच्या ढिगात. आतली लोखंडी चाकं झिजलेली, आणि तशीही लोखंडाने फरशीवर ओरखडे पडतात. लेथवाल्याकडून पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकच्या, दांड्यातून नवी चाकं कातून घेतली, आस स्टीलची. पीयूचा रंग मधासारखा, पितळेत छान मिसळतो, आणि काळ्या रबरासारखे फरशीवर डाग पडत नाहीत.

वजनाचा हिशोब चाराने भागून करू नका. फरशी कधीच अगदी सपाट नसते, एक चाक अधांतरी राहतंच, म्हणून तीनाने भागायचं. खुर्ची २० किलो, माणूस ८५, म्हणजे प्रत्येक चाकाने निदान ३५ किलो पेललं पाहिजे, आणि धपकन बसणारं माणूस घरात असेल तर दुप्पट धरा.

पितळ मी पितांबरीने घासलं नाही, फक्त रॉकेलने मळ काढला. चौथा घोडा बाकीच्यांपेक्षा किंचित लाल दिसतो, तो मी मागच्या डाव्या पायाला लावलाय, चीर गेलेला तोच पाय.