होम सर्व्हर, नोंद ४ : डिस्कची टकटक थांबली

मंडळी, मागच्या नोंदीत रडगाणं गायलो होतो: रास्पबेरी पाय ४ ला (माझा सर्व्हर, एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर) लॅपटॉपमधली जुनी अडीच इंची डिस्क लावली की ती टक... टक... करून बंद पडते, पुन्हा फिरायला लागते, पुन्हा पडते. पोर्टला नावं ठेवून झाली, डिस्कलाही. दोघंही निर्दोष निघाले.

कागदावर सगळं ठीकच होतं. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. तेही डिस्कच्या पेटीने (डिस्क जिच्यात बसवून यूएसबीला जोडतात ती) आधी मागणी नोंदवली तर. तोवर १०० किंवा १५० वर भागवायचं. माझी पेटी ८९६ मागते. आकडा विचित्र वाटला, पण ३.० मध्ये मागणी ८ च्या पटीत लिहायची असते आणि ११२ आठे ८९६. पाय ४ चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअर देतो, दुसरं काही जोडलेलं नव्हतं. मग अडतंय कुठे?

शनिवारी पेटी उघडली. डिस्क जिथे जोडली जाते त्या साटा कनेक्टरच्या पॉवरच्या भागात ७, ८, ९ या पिनांवर ५ व्होल्ट येतात. मल्टिमीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवतो तो मोड) टाकून प्रोब तिथे चिकटपट्टीने बसवले (तिसरा हात नाही). तबकडी फिरायला लागली त्या क्षणी ४.४८. पोर्टपाशी मोजलं तर ४.९६. मधला जवळपास अर्धा व्होल्ट केबल गिळत होती! भिंग घेऊन तिच्यावरची छपाई वाचली: '२सी'च्या आधी २८. २सी म्हणजे पॉवरच्या दोन तारा, २८ हा त्यांचा गेज. आकडा मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तांब्याची तार मीटरला साधारण ०.२१ ओहम, केबल मीटरभर, जायची-यायची मिळून ०.४२. अँपिअरभर करंटला तेवढेच व्होल्ट गेले, उरलेलं कनेक्टरांत.

गंमत म्हणजे यूएसबी ३.० च्या नियमाने केबलच्या त्या टोकाला ४ व्होल्ट पोचले तरी चालतं. डिस्कला मात्र ५ च्या वरखाली पाचच टक्के चालतात, म्हणजे किमान ४.७५. हा फरक पेटीतल्या सर्किटने भरून काढायचा. माझ्या स्वस्तातल्या पेटीत ५ ची लाइन सरळ आरपार गेलीय.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २४ गेजची अर्ध्या मीटरची केबल आणली. आता ४.८५. रात्रभर ३१० जीबी कॉपी केले, एकदाही टक नाही.

दोन तोंडांच्या केबलचा (एका डिस्कसाठी दोन पोर्टांत लावायची) सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. लावून पाहिली, चालते. पण पायवर १.२ ची मर्यादा सगळ्या पोर्टांना मिळूनच आहे, त्यामुळे करंट वाढतच नाही. तारा दुप्पट झाल्याने व्होल्ट कमी गळतात, एवढंच. शिवाय दुसरं तोंड मागणी न नोंदवता करंट ओढतं, ते नियमात बसत नाही. ड्रॉवरमध्ये टाकली.

अडॅप्टरवाला हबही (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा, स्वतःची वेगळी वीज घेणारा) आणला होता. हब चालू ठेवून त्याचा कॉम्प्युटरकडे जाणारा प्लग मोजला, तिथे शून्य हवं. ४.९ आले. म्हणजे पायमध्ये उलटा करंट घुसवायला हा तयारच! त्याच दिवशी परत केला.

पुढची डिस्क साडेतीन इंची, तिला १२ व्होल्टही लागतात. तिचा अडॅप्टर वेगळाच.