बाजाराची वाट

शिरवळहून नायगाव पाचेक किलोमीटर. याला ट्रेक म्हणायची माझी हिंमत नाही. दम लागेल असा चढ नाही, वाटेत गड नाही, कडेलोटाची जागा नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी एसटी पकडायची. सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो आणि लगेच शिरवळ येतं. उतरायचं, एक चहा मारायचा आणि चालायला लागायचं.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी नायगावात मंडप, पुढाऱ्यांच्या गाड्या, शाळांच्या सहली. जत्राच ती, आणि असावीच. पण मला गर्दीत पुतळ्याची फक्त पाठ दिसते, म्हणून मी आठवडा जाऊ दिला. स्टँडजवळ गरम खारे शेंगदाणे मिळाले. वर्तमानपत्राच्या कागदाची निमुळती पुडी, हाताला चटका देणारी. चालताना तोंडात टाकायला काहीतरी लागतंच मला.

आणि याच रस्त्यावर ते आठवून ओशाळायला झालं. कारण सावित्रीबाईंच्या लहानपणाची जी गोष्ट सांगतात, ती नेमकी चालता चालता खाण्याचीच आहे. सहा-सात वर्षांची सावित्री शिरवळच्या बाजाराला गेली होती. खाऊ घेतला आणि खात खात निघाली. झाडाखाली काही मिशनरी मंडळी गात होती, ती बघत उभी राहिली. त्यातल्या एकाने म्हटलं, असं वाटेत खात हिंडणं बरं नव्हे. पोरीने खाऊ तिथल्या तिथे टाकून दिला. मग त्याने तिला चित्रांचं एक पुस्तक दिलं. वाचता येत नव्हतंच. घरी आल्यावर वडिलांनी ते भिरकावलं, तिने परत उचलून लपवून ठेवलं आणि पुढे सासरी नेलं, असं सांगतात.

गोष्ट सांगणारे सगळे पुस्तकापाशी थांबतात. मी खाऊपाशी अडते. बाजाराचा खाऊ म्हणजे त्या वयात केवढी इस्टेट! परक्या माणसाच्या एका वाक्यावर तो टाकून द्यायचा? माझ्या हातची पुडी कुणी सांगितलं म्हणून मी टाकली नसती. फार तर पदराआड धरली असती. मिशनरीबाबाला आधी पुस्तक देता आलं नसतं का, असंही मनात आलं. असो.

सुरुवातीला रस्ता काही गोड नाही. कारखाने, कंटेनर, धूळ. मग हळूहळू शेतं लागतात. शाळू कमरेच्या वर आलेला, मधेच हरभऱ्याचा तुकडा, पलीकडे ऊस. बांधावर एक आजी गवताचा भारा बांधत होत्या. मला न्याहाळून म्हणाल्या,

"कुठं निघालीस गं बाई?"

"नायगावला."

"चालत? का, गाडी चुकली व्हय?"

"नाही आजी, मुद्दाम चालतेय."

हे काही त्यांना पटलं नाही. "आगं, आत्ता वडाप येतंय की," म्हणाल्या. मी शेंगदाणे पुढे केले. त्यांनी चार उचलले, बोळकं दाखवून हसल्या आणि कनवटीला लावले. नातवासाठी असणार. 'मुद्दाम चालणं' ही चैन आहे, हे अशा वेळी नीट कळतं. त्या आजींच्या आयुष्यात चालण्याला नेहमी कारण असणार : पाणी, गवत, दवाखाना, बाजार.

सावित्रीचंही तेच. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक, जन्म १८३१चा. १८४०मध्ये लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची, जोतिराव तेरा वर्षांचे. म्हणजे या वाटेवर भिरभिरायला मिळाली ती जेमतेम दोन-चार वर्षं. त्यानंतर आठ वर्षांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा.

गावात जन्मघर डागडुजी करून जपलंय. फलक वाचून झाले, नमस्कार झाला. शेजारचं कुटुंब धडाधड सेल्फी काढत होतं. मी उंबऱ्याशी जरा रेंगाळले. पाट्यांवर सगळीकडे 'जन्मस्थळ'. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द घोळत होता, माहेर.

कारण १८५६च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारपणातून उठायला इथे आल्या होत्या. इथून जोतिरावांना लिहिलेलं पत्र आहे. माहेरपणाला आलेल्या आजारी बहिणीला भावाने ऐकवलं, तुम्ही दोघं महारामांगांसाठी जे करता त्याने कुळाला बट्टा लागतो. बहीणही गप्प बसणारी नव्हे. शेळीला, गाईला जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसं मात्र अस्पृश्य? अशा अर्थाचं तिने सुनावलं. आई ऐकत होती. माहेरी आलेल्या लेकीचं असं भांडण कुठल्या घरात झालेलं नाही? विषय तेवढा निराळा.

दुसरं पत्र १८६८च्या ऑगस्टमधलं, हेही नायगावहून. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी, तिला दिवस गेलेले. गाव दोघांना मारायला निघालेलं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला, दोघांचा जीव वाचवला. शाळेत आम्हाला शेणगोळे झेलणाऱ्या सावित्रीबाई शिकवल्या. आपल्याच गावच्या जमावापुढे उभ्या राहणाऱ्या या सावित्रीबाई मला फार उशिरा भेटल्या. परक्या शहरात शेण झेलण्यापेक्षा माहेरच्या माणसांना आडवं जाणं जास्त अवघड, असं मला तरी वाटतं. तिथे सगळे काका-मामाच असतात.

परतताना ऊन चढलं होतं. आजींचा सल्ला मानला आणि वडापात बसले. भरल्याशिवाय ते हलणार नव्हतं. पुडी संपली होती. पुडीचा कागद उलगडून वाचायची माझी जुनी खोड आहे. आत मीठ, तळाशी दोन करपलेले दाणे आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. उभे शब्द कुणीतरी निळ्या पेनाने भरलेले, आडवे बरेचसे रिकामे.

पर्समध्ये पेन होतं. गाडी भरेपर्यंत तीन शब्द सुटले.