६ सप्टेंबर : व्हेंट्रिसची बाराखडी

१९५६ साली आजच्याच तारखेला, लंडनच्या उत्तरेला हॅटफील्डजवळ, मायकेल व्हेंट्रिसची गाडी रात्री उभ्या लॉरीवर आदळली आणि तो गेला. वय अवघं ३४. पेशा वास्तुविशारदाचा, पण क्रीट बेट आणि ग्रीसमधल्या मातीच्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी १९५२ मध्ये त्यानेच उलगडली. त्याच्या नावाचा स्मृतिनिधी प्राचीन ग्रीसमधली मायसिनी संस्कृती आणि वास्तुकला या दोन्हींसाठी आहे. हे मला मनापासून पटतं, कारण लिपी त्याने एखाद्या आराखड्यासारखी ओळी-रकाने आखून सोडवली.

तो तक्ता म्हणजे बाराखडीच. आडव्या ओळीत व्यंजन एक, उभ्या रकान्यात स्वर एक. आपल्या गा, गी, गे मध्ये ग डोळ्यांना दिसतो. तिथल्या सुमारे ८७ चिन्हांत असं नातं दिसतच नाही. मग ओळ ठरवायची कशी? समजा मुलगा, मुलगी, मुलगे हे शब्द अनोळखी लिपीत मिळाले. सुरुवात तीच, शेवटचं चिन्ह तेवढं बदलतं. म्हणजे त्या तीन चिन्हांचं व्यंजन बहुधा एकच. अशा तिकड्या अमेरिकन अभ्यासक अ‍ॅलिस कोबरने आधीच शोधल्या होत्या. तिच्या नोंदींच्या चिठ्ठ्या सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत असत. तीही १९५० मध्ये, ४३व्या वर्षी गेली. आज तिचीही आठवण काढायलाच हवी.

घोटाळा होतो तो इथेच. पाय, पाट, पाणी यांची सुरुवात सारखी म्हणून ती एका शब्दाची रूपं नव्हेत. अशी एक खोटी तिकडी घुसली की अख्खी ओळ बिघडते. दोन लेखनिकांची वळणं वेगळी चिन्हं धरली तर मोजणीच फुगते. पाटीची कड तुटलेली असेल तर नेमका प्रत्यय जातो.

तक्ता भरत आल्यावर त्याने क्रीटमधली गावं अंदाजाने बसवून पाहिली : अ-मि-नि-सो म्हणजे अम्निसोस, को-नो-सो म्हणजे क्नोसस. बाहेर आली ग्रीक, जिची त्याला स्वतःलाच अपेक्षा नव्हती. त्याचा कल इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन भाषेकडे होता. १९५३ मध्ये ग्रीसमधल्या पायलोसच्या पाटीने खात्री पटवली : ग्रीक शब्दाचा अर्थ आणि शेजारचं चित्र जुळत होतं. ति-रि-पो-दे, पुढे तिवईचं चित्र आणि आकडा २. क्वे-तो-रो-वे, पुढे चार कानांचं भांडं. अ-नो-वे, पुढे बिनकानाचं.

१८, १९, ४७, ४९ : या चिन्हांचा उच्चार अजून कळलेला नाही, तक्त्यात त्यांच्या जागी नुसते क्रमांकच आहेत.