वैशाखात हिरवं कोण राहतं?

आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि येवला, नांदगावकडे ५०० च्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. माझं माहेर या कोरड्या बाजूचं. पंचवटीत संसार थाटला तरी उन्हाळ्यात माहेरच्या माळावर फिरल्याशिवाय मला करमत नाही. खाली पाणी आहे का आणि किती खोल, हे तिथली झाडं सांगतात. फक्त कोणतं झाड कशाबद्दल सांगतंय ते ओळखता आलं पाहिजे.

निवडुंग हिरवागार दिसतो म्हणून खूश होऊ नये. त्याची मुळं वरच्यावर पसरलेली असतात. पाऊस पडला की पटकन पिऊन अंगात साठवायचं आणि हवेशी देवाणघेवाण बहुतेक रात्रीच करायची, ही त्याची रीत. तो मागच्या पावसाचं पाणी जपून वापरतोय, खालच्या झऱ्याशी त्याचा संबंध नाही.

वेडी बाभूळ याच्या अगदी उलट. ती मूळची अमेरिका खंडातली. तिच्याच कुळातल्या मेस्किट झाडाचं मूळ अॅरिझोनातल्या एका खाणीत ५३ मीटर खोलीवर सापडलं होतं. आपली शमी, म्हणजे राजस्थानातली खेजडी, तीही अशीच खोलवर जाणारी. थरच्या वाळवंटात ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तिला नवी पालवी येते. म्हणून वेड्या बाभळीची हिरवाई पाहून विहीर खणायला घेऊ नका. पाणी असेलही, पण कदाचित पावणेदोनशे फुटांवर.

जवळच्या पाण्याची खूण म्हणून उंबर, शिंदी, लव्हाळा यांचं बोलणं मात्र मी मनावर घेते. दादाच्या वावरात एक उंबर आहे. आजूबाजूचं कुसळी गवत पार वाळलेलं, वरच्या अंगाचा तरवड धुळीने माखलेला, आणि उंबराचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक टपकन येतो. खोडाला फळांचे घोस. त्याच्यापासून पुढे दोन शिंदी आणि एक करंज एका रेषेत उभे आहेत, आणि ही रेष ओढ्याच्या कडेने न जाता बांध आडवा ओलांडून जाते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं. अशी आडवी हिरवी रेष दिसली की खाली भेग किंवा डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याची उभी भिंत, असण्याची शक्यता मोठी. पाणाड्याने वावराच्या दुसऱ्या टोकाला बोअरची जागा दाखवली होती, पण मी दादाला म्हटलं, भूजल सर्वेक्षणवाल्यांचं पाणी शोधायचं यंत्र आधी या रेषेवर लावून बघ.

प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहून ठेवलंय की जांभळाच्या उत्तरेला तीन हातांवर, दोन पुरुष (एक पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची) खोल पाणी लागतं. दिशा आणि हातांचा हिशोब मला पटत नाही. झाडाची निवड मात्र पटते. अमेरिकेतल्या ऑस्कर माइन्झर या भूजलतज्ज्ञाने १९२७ मध्ये झाडांवरून भूजल ओळखण्याच्या विषयावर सबंध अहवाल लिहिला.

आणखी एक खूण पहाटेची. रात्री पानातून बाष्प जाणं जवळपास थांबतं आणि उजाडेपर्यंत पानातला ताण मुळांभोवतीच्या मातीइतका होतो. शास्त्रज्ञ तोडलेलं पान दाबयंत्रात घालून तो मोजतात. शेतातली पिकं साधारण १५ बारच्या (बार हे दाबाचं माप) ताणाला कायमची कोमेजतात. अमेरिकेच्या वाळवंटातलं क्रिओसोट झुडूप ६० बारलाही तग धरतं. आपल्याकडे यंत्र नसलं तरी डोळे आहेत. दुपारी माना टाकलेलं रोप पहाटे ताठ झालं तर मातीत ओल शिल्लक आहे. पहाटेही मान खालीच असेल तर ओल संपलीच.

हे सगळं वळवाच्या आधी बघायचं. एक सर पडली की सगळा माळ सारखाच हिरवा होतो. कालव्याच्या गळतीवर किंवा गावच्या सांडपाण्यावर वाढलेलं झाड हिशोबात धरायचं नाही. आणि पाणी किती, हे झाड सांगत नाही. त्यासाठी मोटर लावून विहीर उपसायची आणि ती परत भरायला किती वेळ घेते ते घड्याळ लावून बघायचं.