नखं

सिनेमात सोनोग्राफीची खोली आली की माझं गोष्टीवरचं लक्ष उडतं. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्राचं टोक, कुठं टेकवलाय, पडद्यावर जे दिसतंय ते तिथून दिसेल का, असलंच बघत बसते. माझी मुलगी वैतागते. ती पुण्यात शिकते. गणपतीला इंदूरला आली होती आणि ‘जुनो’ बघायचा हट्ट तिचाच. २००७ चा इंग्रजी सिनेमा, जेसन राइटमनचा. १६ वर्षांच्या मुलीला दिवस जातात, बाळ दत्तक द्यायचं ती ठरवते, एवढीच गोष्ट. मला खरं तर नको होता. श्रावणातली ती दुपार अजून डोक्यातून गेली नव्हती.

रामबागेतलं माझं सोनोग्राफी सेंटर लहान आहे. एक मशीन, मदतीला एक आया, बाहेर आठ खुर्च्या. त्या दिवशी जेवायच्या वेळेला एक आई मुलीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ एवढंच. आई म्हणाली, “मागे बुखार येऊन गेला ना, तेव्हापासून हिच्या पाळीचं गडबडलंय, डॉक्टरबाई.” मुलगी अकरावीतली. यकृत, पित्ताशय, दोन्ही मूत्रपिंडं, सगळं ठीक. प्रोब खाली सरकवला आणि पडद्यावर एक पाय हलला.

पोटदुखीची केस म्हणून फॉर्म-एफ भरलेला नव्हता. गरोदर बाईची सोनोग्राफी त्याशिवाय करता येत नाही, १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं. मी प्रोब उचलला, तिच्या पोटावर जेल तसंच ठेवून फॉर्म ओढला. नाव, वय, वडिलांचं नाव. मग मापं घेतली: साधारण १५ आठवडे. हे सगळं मी आईशी बोलत होते, मुलीच्या डोक्यावरून. मशीन माझ्याकडं वळवलेलं, मुलगी छताच्या पंख्याकडं बघत पडलेली. आया म्हणाली, “हे भगवान, इत्ती-सी छोरी! माँ का ध्यान कहाँ रहता है?” मी तिला गप्प केलं नाही. मला वाटतं मनातून मीही तेच म्हणत होते.

आईनं रडणं-बिडणं काही केलं नाही. टिश्यूचा रोल संपला होता, तिनं आपल्या ओढणीनं मुलीचं पोट पुसलं आणि मला म्हणाली, “लिहू नका.”

पण लिहावं लागतं. मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात, तिच्या संमतीला अर्थच नाही. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. मुलगा कोचिंग क्लासमधला, १७ वर्षांचा. म्हणजे तोही कायद्याच्या लेखी लहानच, पण त्याची गाठ किशोर न्याय मंडळाशी. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं एक वाट मोकळी केली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना माहिती देताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. मी हे आईला दोनदा समजावलं. गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं होतो, पालकाची लेखी संमती लागते, हेही सांगितलं. सरकारी रुग्णालयातल्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. काम चोख झालं. मुलीशी मात्र मी एक शब्द बोलले नव्हते, आणि हे मला सिनेमा बघेपर्यंत जाणवलंही नव्हतं.

‘जुनो’त सोनोग्राफीचा प्रसंग येतो तेव्हा मी सवयीनं यंत्र बघत होते. तिथली बाई विचारते, मुलगा की मुलगी सांगू का? मी हसले. आमच्याकडं हा प्रश्न तोंडातून निघाला तर मशीनला सील लागेल. मग बाळ दत्तक जाणार म्हटल्यावर ती बाई ‘बरं झालं बाई’ अशा अर्थाचं काहीतरी बोलते, अशा मुलींच्या हातात बाळ वाढणं म्हणजे विषच, या सुरात. जुनोची सावत्र आई तिला तिथल्या तिथं सुनावते: तू सोनोग्राफीवाली, मी नखं रंगवणारी, दोघींनी आपापल्या कामापुरतं बोलावं. माझी मुलगी खो-खो हसली. मी उठून पाणी प्यायले.

हा प्रसंग लिहिणारीला, डायब्लो कोडीला, पटकथेचं ऑस्कर मिळालं ते मला पटतं. सिनेमाची ताकद या घरातच आहे. बापाला धक्का बसतो, पण तो आरडाओरडा करत नाही. सावत्र आई पहिली गोष्ट काढते ती जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची, त्यानं नखंही छान होतात म्हणते. सावत्र आईला खलनायिका न करणं, हे आपल्याकडच्या मालिका लिहिणाऱ्यांनी शिकण्यासारखं आहे.

या सिनेमात नखं फार. गर्भपात केंद्राबाहेर उभी असलेली वर्गातली मुलगी जुनोला सांगते की बाळाला नखं असतात, आणि जुनो आतून पळून येते. इथं मला खटकलं. एवढ्या लवकर नखं जेमतेम उमटायला लागतात, बोटाच्या टोकापर्यंत यायला ३२ वा आठवडा उजाडतो. बरं, ती पळाली याला माझी हरकत नाही, तिची मर्जी. पण केंद्रच असं कळकट दाखवलंय की कोणीही पळेल. शिवाय गोष्ट घडते मिनेसोटात. तिथं त्या काळी अल्पवयीन मुलीच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही ४८ तास आधी कळवावं लागे, नाहीतर न्यायाधीशापुढं उभं राहावं लागे. जुनो एकटी जाते, एकटी परत येते, कायद्याचं नावही निघत नाही. दत्तक घेणारं जोडपं ती छापील जाहिरातीतून शोधते. आपल्याकडं बालकल्याण समितीपुढं मूल सोपवायचं, मग विचार बदलायला ६० दिवस. परस्पर कोणाला दिलं तर तो गुन्हा ठरू शकतो.

आणि शरीर? नऊ महिने जातात ते ऋतू बदलतात तसे, पोट वाढतं, बोलणं चुरचुरीत राहतं. इतकं तयार बोलणं १६ वर्षांच्या पोरीचं वाटत नाही, लेखिकेचं वाटतं. या वयात रक्त कमी असतं, रक्तदाब चढतो, दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची भीती असते. यातलं काही नाही. बाळंत झाल्यावर ती बापाच्या कुशीत रडते, तो प्रसंग खरा आहे. पण लगेच उन्हाळा आणि गिटार. तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, बाळ असो नसो. त्याचं काय झालं?

“आई, ती कॉमेडी आहे,” मुलगी म्हणाली. तेही खरंच.

गौरी-विसर्जनानंतर श्रावणातली ती मुलगी तपासणीसाठी परत आली. आई बाहेर बसली, मीच बसवली. आयाला चहा आणायला पाठवलं. जेलची बाटली आधी गरम पाण्यात ठेवली होती. मशीन तिच्याकडं वळवलं आणि गर्भाशय रिकामं आणि नीट आहे, हे तिला दाखवलं. तिनं फार वेळ बघितलं नाही.

“माझं नाव कुठं-कुठं आहे?” तिनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. पोलिसांच्या कागदावर नाही. रुग्णालयाच्या गर्भपाताच्या रजिस्टरात आहे, पण ते गोपनीय असतं. माझ्या फॉर्म-एफवर आहे, महिन्याचा अहवाल जिल्ह्याच्या कार्यालयात जातो, आणि फॉर्म त्या कपाटात दोन वर्षं राहतो.

तिनं कपाटाकडं बघितलं. स्टीलचं, वर पंचांगाचं कॅलेंडर लटकवलेलं.

“म्हणजे बारावी होईपर्यंत,” ती म्हणाली आणि ओढणी सारखी करून उठली.